भातुकलीचे मोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या मंडळात लोणच्यापासून आयकरापर्यंत सगळ्या विषयांवर व्याख्याने झाली. यंदा तुम्ही जुन्या खेळण्यांवर बोला." मी गेली कित्येक वर्षे जुनी खेळणी जमवते, ती ओळखायला शिकते आहे आणि त्यांतली काही विकतेही, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. काहीजणींना त्याचे हसूही येते. या वयात ही बाई बाहुल्या काय गोळा करते, असे कुजबुजणे माझ्या कानांवर येते. त्याचा मला राग नाही. उलट आज ते हसू डोळ्यांपुढे ठेवूनच मी बोलणार आहे.

खेळणे ही पोरकट वस्तू नव्हे, माणसाच्या अगदी जुन्या वस्तूंपैकी ती एक आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत मातीच्या लहान लहान गाड्या सापडल्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या, दोरी ओढली की मान हलवणारा मातीचा पशूही सापडला. आपल्या महाराष्ट्रात, अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली धातूच्या चार वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चाकांवर चालणारी ही जनावरे पाहिली की प्रथम खेळणीच आठवतात. पण चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर भरते, तेव्हा ती लेकरांच्या हातची नव्हेत हे उघड आहे. मी हा दाखला मुद्दाम दिला. चाक दिसले की खेळणे, असे ठरवून टाकायचे नाही. वस्तू हातात घ्यावी, तिचे वजन पाहावे, आणि मग ती कोणाच्या हातची असेल याचा विचार करावा. जुनी वस्तू ओळखण्याचा हाच पहिला धडा आहे.

दुसरा दाखला आपल्या साऱ्यांच्या ओळखीचा आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो, त्याला मातीची गाडी नको असते. तेव्हा वसंतसेना आपले दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत घालते. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्तावर उलटतात, हेही आपण जाणता. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट दिसते. मातीच्या गाडीला सोन्याने किंमत आणली, आणि किंमत आली तशी तिच्याबरोबर जोखीमही आली. जुन्या खेळण्यांचा व्यवहार करणाऱ्याने हे कधी विसरू नये.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या माळ्यांवर, पेट्यांत, पोटमाळ्याच्या अंधारात काय काय आहे? सर्वांत आधी भातुकली. पितळेची, तांब्याची, दगडाची, लाकडाची. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, खलबत्ता, चूल, शेगडी, बंब, घागर, कळशी, परात, पोळपाट-लाटणे, सोऱ्या, विळी, किसणी, झारा, उलथणे, रवी. मोठ्या स्वयंपाकघरातून जे निघून गेले, ते लहान रूपात अजून पेटीत शिल्लक आहे. पाण्याचा बंब आपल्या नातींनी पाहिलेला नाही, पण भातुकलीतला बोटभर बंब हातात दिला तर तो कसा पेटवीत, पाणी कोठून ओतीत, तोटी कोठे असे, हे सारे दोन मिनिटांत समजावून देता येते. स्वयंपाकघराचा इतिहास लिहायला बसले तर इतका नेटका पुरावा दुसरा कोठे मिळेल?

भातुकलीच्या जोडीला ठकी, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून रंगवलेली आपली बाहुली. हातपाय जेमतेम सुचवलेले, पण डोळे मात्र टपोरे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळे : केळी, आंबे, सीताफळ, खऱ्यासारखी रंगवलेली. विदर्भातल्या भगिनींच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी असतील. ही तान्ह्या पोळ्याची रीत नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असे सांगतात. चांगले कोरलेले, चाकांचे जुने नंदी आज फार मानाने ठेवले जातात. मग मुंबई-पुण्याच्या बाजारांतून आलेली परदेशी खेळणी : किल्लीवर चालणारी पत्र्याची मोटार, टमकी वाजवणारे माकड, चिनी मातीच्या चेहऱ्याची बाहुली, मेकॅनोची पेटी. आणि शेवटी चिंधीची बाहुली. तिला बाजारात कोणी विचारत नाही, घरात मात्र तिला कोणी टाकवत नाही.

आता ओळखायचे कसे? मला लोक विचारतात, "हे किती जुने?" मी म्हणते, वस्तूलाच विचारा, ती सांगते. फक्त तिची भाषा यायला हवी.

धातूची भातुकली घेतली तर प्रथम ती उलटी करा. भांड्याचे तोंड सगळेच पुसतात, बूड कोणी पुसत नाही. जुने भांडे हाताने ठोकून घडवलेले असेल तर ठोक्यांच्या खुणा दिसतात, सांधा असेल तर डाखाची रेघ दिसते. ओतीव वस्तूवर साच्याच्या दोन भागांची रेघ आणि तिच्यावरून फिरवलेली कानस दिसते. हल्ली यंत्रावर दाबून काढलेले संच मिळतात. तेही सुबक असतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण त्यांतल्या चार वाट्या चारही तंतोतंत सारख्या असतात. हातच्या चार वाट्यांत एक तरी बहीण जराशी वेगळी असतेच.

त्यानंतर झीज पाहा. झीज ही जिथे हात लागतो तिथेच होते. जात्याचा खुंटा गुळगुळीत होतो, वरवंट्याची दोन टोके झिजतात, घागरीचे बूड जमिनीवर फिरून फिरून चमकते. बनावट जुनेपणा आणणारे लोक आम्ल लावून सगळीकडे सारखा काळेपणा आणतात. खऱ्या जुन्या वस्तूत कोपऱ्यांत आणि खोबणीत काळेपणा साठतो आणि कडा उजळ राहतात. सारखेपणा दिसला की शंका घ्यावी, मग ती वस्तू असो की विकणाऱ्याचे बोलणे!

लाकडी खेळण्यात रंग आणि जोड पाहावेत. लाखकामाच्या खेळण्यात कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या पानाने तिला झिलई आणतात. हा रंग लाकडाच्या अंगात बसल्यासारखा दिसतो. कुंचल्याने दिलेला तैलरंग वेगळा दिसतो, त्याचे पोपडे निघतात. आतले जोड लाकडी खुंट्यांचे आहेत की खिळ्यांचे, तेही पाहावे. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी चीर असेल तर हा प्रकार बाजारात आला १९३० नंतरच्या दशकात. तेव्हा असा स्क्रू असलेला घोडा कोणी तुम्हांला पेशवाईतला म्हणून दाखवू लागला, तर एक तर तो घोडा पेशवाईतला नाही, किंवा मागाहून त्याची दुरुस्ती झाली आहे. दोन्ही शक्यता मनात ठेवाव्यात. लगेच विकणाऱ्याला लबाड ठरवू नये.

पत्र्याच्या आणि परदेशी खेळण्यांवर अक्षरे असतात आणि अक्षरांसारखा साक्षीदार नाही. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव छापणे सक्तीचे केले. त्यामुळे त्या सुमारापासूनच्या मालावर जर्मनीसारखी नावे नेमाने दिसू लागतात. जपानी मालावर आधी 'निप्पॉन' आणि १९२१ नंतर 'जपान' असे येते. 'ऑक्युपाइड जपान' असे असेल तर ती वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ च्या आतली. तिथला परकीय ताबा त्या वर्षी संपला. 'पश्चिम जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानची. चिनी मातीच्या बाहुलीचा आकडा आणि देश बहुधा मानेच्या मागे, केसांखाली असतो, केस हळूच वर करून पाहावे.

आपल्याकडच्या खोक्यांनाही अशीच भाषा आहे. किंमत रुपये-आणे-पैंत छापली असेल तर खोके १ एप्रिल १९५७ च्या आधीचे समजावे. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधले. पत्त्यात सहा आकडी पिन क्रमांक असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. आपण सगळ्याजणी हे आणे आणि नये पैसे घरात ऐकत आलो आहोत, तेव्हा ही विद्या शिकायला कोणा पंडिताकडे जायला नको. म्हणून सांगते, फाटके खोके फेकू नका. संग्राहक मूळ खोक्यासाठी वेगळे पैसे मोजतो, आणि काही वेळा खेळण्यापेक्षा खोकेच अधिक बोलके असते.

लहान मोटारींचा एक मनोरंजक किस्सा आहे. इंग्लंडातील 'डिंकी' मोटारी १९३० नंतरच्या दशकात निघाल्या आणि जगभर गेल्या. त्यांतले काही जुने साचे पुढे भारतात आले आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांतून 'निकी' नावाच्या मोटारी निघू लागल्या. काही मोटारींच्या बुडाशी जुने नाव खोडून नवे घातल्याची खूणही दिसते. एके काळी ही भारतीय मोटार म्हणजे साहेबी मोटारीची गरीब बहीण मानली जाई. आज परदेशांतले संग्राहकही तिला शोधतात. तेव्हा 'आपल्याकडचे काय असणार' असे म्हणून कोणतीही वस्तू बाजूला टाकू नये.

आणखी दोन सावधगिऱ्या सांगते. जुन्या बाहुल्यांत सेल्युलॉइडच्या बाहुल्या असतात. वजनाला हलक्या, अंगाला जराशा पारदर्शक, आणि तळहाताने चोळल्या की कापरासारखा वास येतो. त्या भडकन पेटतात. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा उपाय कोणी सांगितला तर तो मुळीच करू नये, आणि अशी बाहुली समईजवळ किंवा विजेच्या दिव्याजवळ मांडू नये. दुसरी गोष्ट, जुन्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून जुने खेळणे पाहायला द्यावे, तान्ह्या बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये. आज बाजारातल्या नव्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून मानक चिन्ह सक्तीचे झाले आहे, त्यामागेही हेच कारण आहे. आजीचे खेळणे नातीने मांडीवर बसून, आजीच्या देखत खेळावे.

जपणुकीविषयी थोडे. आपण बायका स्वच्छतेच्या भोक्त्या. गौरी आल्या की चिंच-मीठ घेऊन भातुकली घासायला बसतो. पण वारंवार घासल्याने नक्षी बोथट होते आणि जुनेपणाची खूण निघून जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, फारच झाले तर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. पत्र्याच्या खेळण्याला पाणी लावू नये. लाकडी खेळण्याला नवा रंग देऊ नये. रंग उडालेला घोडा नवा रंग दिल्यावर दिसायला नवा होतो आणि मोलाला कमी होतो. कापडी बाहुली डांबराच्या गोळ्यांत न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी, आणि वर्षातून दोनदा काढून वारा द्यावा.

आता विकण्याकडे येते. या विषयावर बोलताना मला सर्वांत अधिक जबाबदारी वाटते.

घरातला पुरुष आपल्या आजोबांची तलवार, त्यांची पगडी, त्यांची दौत जपतो. त्याबद्दल सारे त्याला वाखाणतात. पण आजीची भातुकली मात्र भंगाराच्या तराजूत जाते. तिच्या बाबतीत किंमत विचारली जात नाही, वजन विचारले जाते. "पितळ किती भरेल?" एवढाच प्रश्न. याचे कारण असे की ती मुलींच्या खेळातली, आणि मुलींचा खेळ म्हणजे लग्न होईपर्यंतचा वेळ घालवणे, अशी समजूत मुरलेली आहे. आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी, जे कोणी वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगे मानत नव्हते ते त्यांनी जमवले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बाहुल्यांचे संग्रहालय उघडले. त्यांनी या वस्तूंकडे आदराने पाहिले म्हणून जगानेही पाहिले. आपल्या घरातल्या वस्तूकडे आधी आपण तसे पाहायला नको का?

असे असले तरी विकणे हे पाप आहे असे मी कधीच म्हणणार नाही. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंजवळ किल्लीची पत्र्याची आगगाडी होती, खोक्यासकट. मूलबाळ नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी ती नीट चौकशी करून एका संग्राहकाला दिली आणि एका डोळ्याची शस्त्रक्रिया केली. मला म्हणाल्या, "अगं, गाडीने मला पुन्हा दाखवलं सगळं." यापेक्षा त्या गाडीचे आणखी चांगले काय व्हायचे होते? विकावे, पण जाणून विकावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

या धंद्यात एक मोठी अडचण आहे. घेणारा जाणकार असतो आणि विकणारी बहुधा अजाण असते. ज्ञान सारे एका बाजूला. "पितळ हलकं आहे हो काकू, तुमच्याकडे पाहून घेतो" असे म्हणत पेटी उचलणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून मी स्वतःपुरता एक नेम केला आहे : ज्या वस्तूची किंमत मी सांगते, ती मी विकत घेत नाही. जो तराजू धरतो त्याने माल घेऊ नये. याने माझा व्यवहार लहान राहिला, पण लोक दार उघडतात.

या नेमाची परीक्षा एकदा झाली ती सांगते. दोघी बहिणी माझ्याकडे आल्या. आई गेल्याला वर्ष झाले होते. तिची भातुकली एका शिसवी पेटीत होती, लहानमोठे चोपन्न नग. धाकटीच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि फीची मुदत जवळ आली होती. थोरलीचे घर बरे चाललेले. धाकटी म्हणत होती, "ताई, अर्धी तू घे, अर्धी मी घेते, माझी मी विकते." थोरली म्हणत होती, "आईची पेटी फोडायची नाही." एका व्यापाऱ्याने वजनावर भाव सांगून ठेवला होता, आणि दोघी एकमेकींकडे न पाहता माझ्या ओटीवर बसल्या होत्या.

मी पांढरी चादर अंथरली आणि सगळे नग एकेक करून मांडायला लावले. मांडता मांडता दोघी बोलू लागल्या. हा बंब आजीच्या माहेरचा. ही परात आईच्या वेळची, हिच्यावर ठोक्यांच्या खुणा नाहीत. हा अल्युमिनियमचा डबा आपल्या वेळचा, जत्रेत घेतलेला. पत्र्याच्या चिमुकल्या स्टोव्हच्या खोक्यावर किंमत आण्यांत होती. म्हणजे एका पेटीत तीन पिढ्यांच्या मुली होत्या. मी त्यांना म्हटले, "बाई, ही अर्धी-अर्धी केलीत तर दोन अपुरे संच होतील. सबंध संचाला जी किंमत येते ती दोन अर्ध्यांची बेरीज केली तरी येत नाही." मग त्यांच्या देखत कागदावर प्रत्येक नगापुढे आकडा लिहिला, खाली बेरीज केली आणि सही केली. बेरीज व्यापाऱ्याच्या भावाच्या कितीतरी पट भरली. खरे सांगते, तो आजीचा बंब माझ्या संग्रहात नव्हता आणि माझे मन त्याच्यावर गेले होते. कागद मी त्यांच्या हातात दिला आणि बंब पेटीत ठेवला.

पुढे थोरलीने कागदावरच्या बेरजेचा निम्मा हिस्सा धाकटीला दिला, थोडा लगेच, उरलेला हप्त्याहप्त्याने. फी वेळेवर भरली गेली. पेटी थोरलीकडे राहिली. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. धाकटी मला एकदा म्हणाली, "पैसे मिळाले, पण गौरीच्या आरासीत ती भातुकली ताईकडे पाहते तेव्हा घशात दाटून येतं." हे मी थोरलीच्या कानांवर घातले. तेव्हापासून एका वर्षी पेटी थोरलीच्या गौरीपुढे असते, एका वर्षी धाकटीच्या. पेटीत अजून तो कागद आहे. बहिणींतला न्याय त्या कागदाने केला नाही, पण त्यामुळे दोघींचे भांडण आकड्यावरून झाले नाही, एवढे खरे.

त्या पेटीतून आणखी एक गोष्ट निघाली होती, एक हस्तिदंती सोंगटी. ती मी बेरजेत धरली नाही. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, घरातली वस्तू कितीही जुनी असली तरी ती विकायला काढू नये. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वा कलेच्या मोलाची वस्तू त्या कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या लेकी परदेशात आहेत. त्यांच्यासाठी आजीची भातुकली सामानात घालण्यापूर्वी, वस्तू फार जुनी वाटली तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. विमानतळावर म्हाताऱ्या आईची पंचाईत होण्यापेक्षा आधी एक खेप घातलेली बरी.

विकायचेच ठरले तर चार गोष्टी पाळाव्यात. एक, विकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. दोन, एकाच माणसाला न विचारता निदान तिघांना विचारावे, आणि घाई करणाऱ्याला शेवटी ठेवावे. तीन, दुरुस्ती झाली असेल, तुकडा नवा असेल, तर तो आपण होऊन सांगावा. खरेपणाची अपेक्षा घेणाऱ्याकडून करायची तर ती आपल्यापासून सुरू झाली पाहिजे. आणि चार, घरातल्या लेकीसुनांना विचारल्याशिवाय विकू नये. ज्या वस्तूंशी मुली खेळल्या त्यांच्यावर त्यांचा शब्द आधी.

घेणाऱ्यांसाठीही एक शब्द. संग्रह म्हणजे संख्या नव्हे. शंभर वस्तू अंधारात ठेवण्यापेक्षा दहा वस्तूंची कुळकथा लिहून ठेवावी. ही कोणाची, कोणत्या गावची, कोणी दिली, तिला घरात काय म्हणत. वस्तू जिच्याकडून घेतली तिला हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि हे न विचारता घेतलेली वस्तू मुकी होते. मुकी वस्तू पुढे कोणाच्या हाती गेली तर तिची पुन्हा वजनावर किंमत होते.

शेवटी मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्याकडे जमाखर्चाच्या वह्या आहेत, हळदीकुंकवाच्या याद्या आहेत. तशी एक वही भातुकलीची असावी. ज्यांच्या घरी जुनी खेळणी आहेत त्यांनी ती एका संध्याकाळी मंडळात आणावीत. विकायला नव्हे, नुसती मांडायला. तरुण मुलींनी छायाचित्रे घ्यावीत, वयस्कर भगिनींनी नावे सांगावीत, आणि कोणीतरी सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे. रवी, रोवळी, मांडण, फुंकणी, हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्या अजून आपल्यात आहेत. त्या असेपर्यंतच ही वही भरता येईल. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीच्या जोडीला हाच कार्यक्रम ठेवला तर खर्चही पडणार नाही. उद्या एखादीवर वेळ आली आणि विकावे लागले, तर तिच्या हातात मंडळाच्या वहीतला उतारा असेल आणि समोरचा माणूस तिला वजन विचारण्यापूर्वी दोनदा विचार करील. कोणाला एखाद्या नगाचे बूड उलटून पाहायचे असेल तर माझे भिंग मी त्या संध्याकाळी घेऊन येईनच.

 मंडळाला पुढील वर्षासाठी शुभेच्छा देते आणि वहीचे पहिले पान कोण भरते याची वाट पाहते.